खालचं पान

ढगांना पायऱ्या असत्या, तर त्या चढून जिथे पोचता आलं असतं, तिथे एक गाव होतं. त्याचं नाव धुकेवाडी. तिथे अशी काही थंडी, की अंगणात संध्याकाळी लावलेलं रोप सकाळी हात लावताच कडकन मोडायचं. त्यामुळे त्या गावात झाडं घराबाहेर नव्हतीच. गावातली सगळी हिरवाई एकाच ठिकाणी राहायची, राणीसाहेबांच्या काचमहालात.

काचमहालाचं छप्पर काचेचं आणि भिंतीही काचेच्या. आत कुंड्याच कुंड्या. लाल मातीच्या, निळ्या चिनीमातीच्या, पितळेच्या, आणि एक तर चक्क चांदीची. त्यांत इवल्याशा वेली, कुरळे कुरळे नेचे, गुलाबी ठिपक्यांची पानं, चंदेरी रेघांची पानं. सकाळचं ऊन काचेतून आत आलं की ते सगळं एकदम उजळायचं.

गावाच्या खालच्या टोकाला एका खोलीच्या घरात वेणू आणि तिची आई राहायच्या. वेणूला आईशिवाय कुणी नव्हतं. आई काचमहालात पानं पुसायची, कुंड्यांना पाणी घालायची. तिला मजुरी मिळायची ती एवढीशी. संध्याकाळी टोपलीत एकच भाकरी असायची आणि आई ती सगळीच्या सगळी वेणूच्या ताटात ठेवायची.

"आणि तू गं?" वेणू विचारायची.

"मी महालात खाल्लं," आई म्हणायची.

वेणूला वाटायचं, महालात रोज केवढी पंगत बसत असेल. आईला काय काय वाढत असतील, पुरी की श्रीखंड की दोन्ही, याचा विचार करत करत ती झोपी जायची.

एके दिवशी सकाळी आई उठली आणि तिला गरगरलं. भिंत धरून ती खाली बसली. तिचा चेहरा पिवळा पडला होता आणि हात गारठले होते. वैद्यबुवा आले, त्यांनी नाडी पाहिली, थंडी बाधली आहे म्हणाले आणि काढा देऊन गेले. काढा प्यायली तरी आईच्या अंगात उठायची ताकद येईना. वेणूला रडू यायला लागलं. पण रडत बसली तर कुंड्यांना पाणी कोण घालणार?

"आई, आज मी जाते महालात. तू पडून राहा," ती म्हणाली आणि ओलं फडकं घेऊन निघाली.

महालात पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. एवढं हिरवं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती हळूच एकेक पान पुसू लागली. पुसता पुसता पार मागच्या रांगेत पोचली. तिथे कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला न पडणारी एक छोटुकली कुंडी होती. तिच्यातल्या वेलीच्या एका पानावर धुळीचा जाड थर बसला होता. वेणूनं फडकं फिरवलं, तर धुळीखालून कुणीतरी शिंकलं.

पानावर एक परी बसली होती. जाईच्या कळीएवढी. अंगात पोपटी झगा, त्याला शेवाळी काठ. पंख कोवळ्या पानांसारखे, उन्हात धरले तर शिरा मोजता याव्यात असे. गळ्यात दवाच्या तीन टपोऱ्या थेंबांची माळ, आणि प्रत्येक थेंबात एक चिमुकलं इंद्रधनुष्य.

"किती दिवसांनी कुणी पुसलं गं मला," परी म्हणाली. "हे तीन थेंब म्हणजे तीन इच्छा. आता त्या तुझ्या."

वेणूनं जराही विचार केला नाही. "परीताई, माझ्या आईला बरं कर."

माळ जरासुद्धा हलली नाही.

"'बरं कर' म्हटलेलं माझ्या थेंबांना कळत नाही, वेणूबाळ," परी मायेनं म्हणाली. "काय उणं आहे ते नेमकं ओळखायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि मग मागायचं. आणि एकदा गळलेला थेंब परत येत नाही. सांग, आईला काय उणं आहे?"

वेणूनं मान खाली घातली. "मला नाही माहीत."

"मग बघायला शीक. ही सगळी मुकी बाळं आहेत. यांना काय हवं ते यांच्या पानांकडे बघूनच कळतं."

वेणूनं त्याच वेलीकडे पाहिलं. वरची पानं छान हिरवी होती. खालची मात्र फिकी झालेली, आणि सगळ्यांत खालचं तर हळदीसारखं पिवळं. परीनं त्या पिवळ्या पानावर हलकेच फुंकर मारली. पान काचेसारखं आरपार झालं, आणि वेणूला आतलं दिसू लागलं.

आत हिरवे हिरवे कण होते, मोहरीहूनही बारीक, आणि प्रत्येक कण मंद उजळलेला. खालचं पान ते कण स्वतःतून सोडवत होतं आणि देठातून वर पाठवत होतं. इवल्या दिव्यांची रांगच रांग, वर, आणखी वर, थेट शेंड्यापर्यंत. तिथे एक बाळपान डोळे मिटून ते पीत होतं. खालचं पान पिवळं होत होतं, पण द्यायचं काही थांबत नव्हतं. वेणू बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी का आलं, ते तिलाही कळलं नाही.

"असं दिलं तर ते वाळून जाईल, हे त्याला कळत नाही का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कळतं की. मातीतलं बळ संपलं, तर बाळपानाला दुसरं कोण देणार?"

वेणूनं मातीत बोट घातलं. माती ओली होती, म्हणजे तहान नव्हती. "या मातीत जेवण उरलं नाही," ती म्हणाली. "हिला कुजून काळं झालेलं खत हवंय. मूठभरच, कुंडी लहान आहे."

पहिला थेंब टपकन गळला आणि कुंडीत मूठभर काळंभोर, भुसभुशीत खत पसरलं. वेल शहारली. तेवढ्यात ते पिवळं पान अलगद गळून वेणूच्या ओंजळीत पडलं.

"हे नाही हिरवं झालं?"

"पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. पण आता त्याच्या वरच्या पानांवर ही पाळी येणार नाही." वेणूनं ते पान आपल्या झग्याच्या खिशात जपून ठेवलं.

शेजारच्या कुंडीत लिंबाचं ठेंगणं झाड होतं. त्याचं सगळं उलटं. खालची पानं हिरवीगार आणि शेंड्याची बाळपानं पिवळी, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या, पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्यानं वेल काढावी तशा.

"इथली मोठी पानं कंजूष दिसतात," वेणू म्हणाली.

परी खुदकन हसली. "कंजूष नाहीत गं. या बाळांना लोह हवंय. पण लोह आळशी असतं. एकदा पानात बसलं की उठायचं नाव नाही. मोठ्या पानांनी किती जरी म्हटलं, तरी त्यांना देता येत नाही."

वेणू लोह मागणारच होती. पण तिनं आधी परीला मातीवर फुंकर मारायला सांगितलं. आणि काय आश्चर्य, माती तांबूस चमकणाऱ्या लोहाच्या कणांनी भरलेली होती. फक्त प्रत्येक कणावर पांढरं कवच चढलं होतं. वेणूला आठवलं, पाण्याच्या झारीच्या आतही असाच पांढरा थर होता. विहिरीच्या पाण्यात चुना होता तर. ताट भरलेलं, पण त्यावर घट्ट झाकण.

"याला लोह नको," ती हळूच म्हणाली. "किंचित आंबूस, गोडं पाणी हवंय. झाकण उघडेल असं."

दुसरा थेंब गळला. मातीतली कवचं एकेक करून विरघळली आणि तांबूस ठिणग्या मुळांत शिरल्या. वेणूनं टाळीच वाजवली. आता तिला सगळं कळलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. आणि आईसाठी एक थेंब शिल्लक होता.

महालाच्या मधोमध चांदीची कुंडी होती. तिच्यात राणीसाहेबांचं लाडकं गुलाबी पानांचं झाड, आणि शेजारी चांदीच्या डबीत उत्तमातलं उत्तम खत. धुकेवाडीची रीतच होती, की महालात येणाऱ्यानं मुजरा करायचा आणि लाडक्या झाडाला डबीतली चिमूट घालायची. त्या झाडाच्या पानांची टोकं तपकिरी होऊन वाळली होती.

"अगं बाई, तूही उपाशी?" वेणू म्हणाली. ना तिनं मातीत बोट घातलं, ना परीला फुंकर मारायला सांगितलं. डबीतली चांगली मोठी चिमूट घेतली आणि कुंडीत टाकली.

झाडानं एकदम मान टाकली. गुलाबी पानं लटकली. वेणूच्या तोंडचं पाणी पळालं. परीनं मातीवर फुंकर मारली. मातीत खतच खत साचलं होतं, काठावर त्याची पांढरी खारट साय आली होती, आणि ते खारट कण मुळांतलं पाणी उलट ओढून घेत होते. झाड उपाशी नव्हतं. सगळ्यांच्या लाडानं त्याचा जीव चालला होता.

"भरपूर स्वच्छ पाण्यानं माती धुवून निघाली तर ते वाचेल," परी म्हणाली. "पण विहीर दूर आहे, आणि याला वेळ थोडा आहे."

वेणूनं माळेतल्या एकुलत्या एक थेंबाकडे पाहिलं. तो आईचा थेंब होता. मग तिनं झाडाकडे पाहिलं. ते तिच्याच हातानं मरत होतं.

"याला पाणी हवंय. खारट धुवून नेणारं, पुष्कळ," ती म्हणाली, आणि रडू लागली.

तिसरा थेंब गळला. हवेतून चांदीसारखं पाणी झरझर उतरलं, कुंडीतून वाहत खालच्या भोकातून गढूळ होऊन बाहेर पडलं आणि पडतच राहिलं, ते थेट नितळ होईपर्यंत. झाडानं हळूहळू मान वर केली. वेणूनं मागे वळून पाहिलं, तर परी नव्हती. दारात राणीसाहेब उभ्या होत्या.

"काय झालं गं माझ्या झाडाला?"

"राणीसाहेब, मीच त्याला चिमूट घातली," वेणू डोळे पुसत म्हणाली. "चुकलं माझं. त्याला जास्त झालं होतं. मागच्या रांगेतल्या वेलीला मात्र काहीच मिळत नव्हतं."

राणीसाहेबांनी काठावरची पांढरी साय बोटानं पुसून पाहिली. "मला कुणी कधी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी डबी उचलून वेणूच्या हातात दिली. "आजपासून ही तुझ्याकडे. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ते तू बघायचंस. आणि तुझ्या कामाचा शिधा आमच्या कोठीतून येईल, तुला आणि तुझ्या आईला."

वेणूनं वाकून नमस्कार केला. पण तिचं मन घरी होतं. शिधा येईल, पण आईचं काय? आईचा थेंब तर गेला होता.

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. आई तशीच भिंतीला टेकून पडली होती. टोपलीत रोजच्यासारखी एकच भाकरी, तीही जशीच्या तशी झाकलेली होती. वेणूला पाहून आई कशीबशी उठली, भाकरी ताटात ठेवली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आणि तू?"

"मी महालात खाल्लं," आई रोजच्यासारखी म्हणाली.

वेणूचा हात ताटावरच थांबला. आई आज महालात गेलीच नव्हती.

ती आईकडे बघू लागली, महालात पानांकडे बघितलं होतं तशी. आईचे गाल पिवळे. हातांच्या काड्या झालेल्या. मग तिनं स्वतःचे हात पाहिले, गुबगुबीत, ऊबदार. दिव्यांची ती रांग तिला पुन्हा दिसली. वर, आणखी वर जाणारी.

"आई, तुला थंडी बाधली नाही," ती म्हणाली. "तू उपाशी आहेस. रोजच. तू खालचं पान आहेस, आणि शेंड्याचं पान मी आहे."

आईनं पदर डोळ्यांना लावला. वेणूनं भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा आईच्या हातात दिला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली. "तू खा. तू खाल्ल्याशिवाय मी तोंडात घास घालणार नाही."

आईनं घास घेतला. मग दुसरा. आणि तेवढ्यात वेणूच्या खिशात काहीतरी उजळलं. तिनं ते पिवळं पान बाहेर काढलं. पानावर परी बसली होती, आणि सगळी खोली कोवळ्या हिरव्या उजेडानं भरून गेली होती.

"ओळखलंस," परी म्हणाली. "थेंब नसतानाही ओळखलंस."

"परीताई, पिवळं पान पुन्हा हिरवं होत नाही म्हणालीस ना?" वेणूनं भीत भीत विचारलं. "मग माझी आई?"

"ते पानांचं झालं, बाळ. आया होतात पुन्हा हिरव्या. पोटभर जेवल्या की होतात."

परीनं ते पान खिडकीतल्या फुटक्या मडक्यात ठेवलं. बघता बघता मडकं काळ्या मातीनं भरलं आणि त्यातून मेथीची लुसलुशीत रोपं वर आली. "ही खुडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवेल," परी म्हणाली. "फक्त एक अट. घरात दोन ताटं मांडली गेली पाहिजेत. एकच ताट मांडलं, तर ती उगवणार नाही."

मग तिनं पंख पसरले. प्रत्येक शिरेतून उजेड वाहू लागला, पोपटी, सोनेरी, शेवटी दवासारखा पांढरा. मायलेकींनी डोळे दिपून मिटले आणि उघडले, तर खिडकीत फक्त मेथी डोलत होती.

आई बरी झाली, हळूहळू, जशी झाडं बरी होतात तशी. धुकेवाडीत अजूनही महालात आलेला माणूस मुजरा करतो, पण चिमूट घालण्याआधी वेणूला विचारतो. आणि संध्याकाळी खालच्या टोकाच्या त्या घरात वेणू मेथी खुडते, दोन ताटं मांडते, आणि आईनं पहिला घास घेतला की मगच आपला उचलते.