आधी फोक, मग बोल

एका गावात एक चिंच होती. झाड चांगलं डेरेदार, पण खालच्या फांद्या बघाल तर बोडक्या. गुरांनी खाल्लेल्या नव्हत्या की वाऱ्यानं मोडलेल्या नव्हत्या. गावातल्या आईबापांनी पोरांना मारायला तिचे फोक मोडून मोडून नेले होते. फोक म्हणजे ओली, लवचीक छडी. पाठीवर बसली की वळ उठतो.

बारशाला मामा यायचा तो अंगडं-टोपडं आणायचा आणि सोबत लाल दोरा बांधलेला एक फोक. तो पाळण्याला बांधायचे! अहो, अजून मानही न धरलेलं लेकरू, आणि त्याच्या उशाशी छडी! पण कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट मामानं फोक आणला नाही तर आत्याबाई नाक मुरडायच्या.

रीत अशी होती. पोराचं काही चुकलं की त्यानं स्वतः जाऊन फोक मोडून आणायचा, मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा, मार खायचा, आणि मग काय झालं ते सांगायचं. 'आधी फोक, मग बोल.' आणि रडायचं नाही. रडलं की दुप्पट. परगावचे पाहुणे आले की पोरं हात जोडून ओळीनं उभी राहायची, हूं की चूं नाही. पाहुणे म्हणायचे, "काय वळण आहे हो! आमची कार्टी घर डोक्यावर घेतात." मग काय, गावकऱ्यांची छाती फुगायची.

त्या गावात एक कोष्टीण राहायची. नवरा लुगडी विकायला बाजारोबाजार फिरायचा, ही घरी मागावर बसायची. तिला एक मुलगी आणि एक धाकटा मुलगा. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पोरांच्या भाकरीवर तूप घालून स्वतः कोरडी खाणारी ती. मारताना तिचेच डोळे भरून यायचे. "तुमच्या भल्यासाठीच मारते रे," असं म्हणायची आणि मारायची. तिच्या आईनं तिला असंच वाढवलं होतं.

एके दुपारी दोघं भावंडं पडक्या विहिरीकडे बोरं खायला गेली. तिकडे जायची सक्त मनाई होती. पण गावात बोरं पिकायची ती तेवढ्या एका ठिकाणी, आणि पोरं ती पोरंच. बहिणीनं परकराचा ओचा भरून घेतला. धाकट्यानं काठावरून हात लांबवला, पायाखालचा दगड निसटला, आणि पोर आत!

बहीण ओणवी होऊन बघते तर काय, विहिरीच्या भिंतीतून उंबराचं एक मूळ बाहेर आलेलं, त्याला धाकटा लोंबकळतोय. खाली काळं पाणी. तो वर बघत होता, पण तोंडातून आवाज नाही.

ती धावत सुटली. विहिरीला लागूनच खळं होतं, तिथं एक शेतकरी धान्य उफणत होता. "काका, काका, आमचं चुकलं..."

"चुकलं ना? मग हात रिकामे कसे?" त्यानं वर मान करून पाहिलंही नाही. "आधी फोक, मग बोल. जा आईकडे."

पोरगी तशीच घराकडे पळाली. आई मागावर बसली होती. "आई, ऐक ना, धाकटा..."

आईची नजर ओच्यातल्या बोरांवर गेली. "पडक्या विहिरीकडे गेला होतात? कितीदा सांगितलं होतं! फोक कुठंय?"

"आई, आधी ऐक तरी..."

"मधे बोललीस, आता जास्तीचे बसतील. जा, फोक आण!"

तुम्ही म्हणाल, अगं, ओरडून सांगायचं ना सरळ! आपण म्हणतो हो. बोलायला तोंड उघडलं की दरडावून गप्प करायचं, असंच जिला लहानाचं मोठं केलं, तिला ऐन वेळी कंठ कुठून फुटणार? ती चिंचेकडे धावली. खालच्या फांद्या बोडक्या, म्हणून वर चढली. हाताला लागला तो फोक मोडला आणि पळत परत आली. आईनं तो वाकवून पाहिला. कट्‌कन मोडला.

"वाळका आहे. ओला आण."

आणि पोरगी परत गेली हो! परत चढली, ओला फोक शोधला, परत आली.

आईनं तिच्या तळहातांवर मारलं. पोरगी रडली नाही. मार संपेपर्यंत हात पुढे धरून उभी राहिली. मग आईनं फोक बाजूला ठेवला, पदरानं डोळे टिपले आणि मायेनं म्हणाली, "हं, बोल आता."

"आई, धाकटा विहिरीत पडलाय."

"अगं बाई! केव्हा?" असं म्हणत कोष्टीण अनवाणीच पळाली. तिची किंकाळी ऐकून सगळा गाव मागं धावला. खळ्यावरचा शेतकरी दोर घेऊन विहिरीत उतरला. धाकटा अजून त्या मुळाला धरून होता. गळ्यापर्यंत घसरला होता पाण्यात, बोटं सोलवटली होती, ओठ निळे पडले होते. पण जीव होता. देवाची कृपा म्हणा, नाहीतर उंबराची.

पोराला वर काढलं, तेव्हा तो शेतकरीच रडकुंडीला आला होता. "अरे लेकरा, मी इथंच होतो की! एवढ्याशा अंतरावर! एक हाक का नाही मारलीस?"

धाकटा थरथरत म्हणाला, "रडलं की दुप्पट बसतात ना."

आईनं त्याला उराशी धरायला दोन्ही हात पुढे केले, तर पोरानं पटकन डोकं हातांनी झाकलं. मग हळूच हात काढले, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी आणतो फोक. ओला आणतो." आणि त्या सोललेल्या हातांनी, ओल्या अंगानं, चिंचेच्या दिशेनं चालायला लागला!

गावातले सगळ्यांत म्हातारे आजोबा काठी टेकत पुढे आले. "बघा, याला म्हणतात वळण! मरणाच्या दारात जाऊन आला, पण रीत विसरला नाही. शाब्बास!"

कोष्टिणीनं त्या गावात मोठ्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "आजोबा, गावची माणसं हाकेच्या अंतरावर असताना माझं पोर गुपचूप मरत होतं. भाऊ बुडत असताना माझी पोरगी फोक शोधत हिंडत होती. आणि मी तिला वाळका म्हणून परत पाठवलं! कसली शाब्बासकी देताय?"

असं म्हणून तिनं धावत जाऊन पोराला उचलून घेतलं. एवढी वर्षं वळण म्हणून मिरवलं ते काय होतं, हे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि ज्यांना कळलं त्यांना आपल्याच पोरांच्या तोंडाकडे बघवेना.

घरी येऊन कोष्टिणीनं फोक चुलीत घातला आणि त्यावर पोरांना गरम भाकरी करून वाढली. एका दिवसात गाव सुधारलं असं मी सांगितलं, तर ती थाप होईल. काही घरांत कुरकुर झाली, "लाडावतील हो पोरं!" पण हळूहळू पाळण्याला फोक बांधायचं बंद झालं. पोरं आता भांडायची, रडायची, चुकलं की धापा टाकत येऊन सांगायची. पाहुणे म्हणायचे, "फार गोंगाट करतात बुवा तुमची पोरं." कोष्टीण म्हणायची, "करू देत. कुठं आहेत ते कळतं."

चिंचेच्या खालच्या फांद्यांना वर्षाच्या आत पालवी फुटली. पोरीचं तसं झालं नाही. आईनं वेणी घालायला हात वर केला की ती कितीतरी वर्षं मान आत घ्यायची. आई तेवढ्यापुरता हात थांबवायची, "मीच आहे गं," म्हणायची, आणि मग कंगवा लावायची.

तात्पर्य काय, तर पोराला बोलायच्या आधी मार मिळत असेल, तर ते बुडतानाही तुम्हाला हाक मारणार नाही.