लाटा मोजणारी पदीबाय

फार मागची गोष्ट. तेव्हा वाकणबंदरच्या किल्ल्यावर हवालदार असायचा आणि खाली किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती. त्या वस्तीतल्या पदीबायचा नवरा वादळात बुडाला. तो निघाला तेव्हा आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, लाटही उंच नव्हती. मग वादळ आलं कुठून? गावानं हा प्रश्न देवावर सोडला. पदीबायनं सोडला नाही.

बारा वर्षं ती पुळणीवर बसली. पाण्यात करवंटी टाकायची. लाट पुढं निघून जायची, करवंटी जागच्या जागी वरखाली व्हायची. पाणी येत नाही, लाटच तेवढी चालत येते, हे तिनं ओळखलं. दोन लाटांमधला वेळ ती श्वासांवर मोजू लागली. असं म्हणतात, झोपेतही तिचा श्वास समुद्राच्या लयीत चालायचा.

एका नारळी पौर्णिमेला सतरा होड्या निघायच्या होत्या. पहिल्या होडीत तिचा धाकटा भाऊ लाडकू. हवालदाराकडे पाहुणे उतरले होते, त्यांना ताजी मासळी हवी होती. विधवेनं त्या दिवशी किनाऱ्यावर यायचं नाही, असा रिवाज. पदीबाय आली. सगळ्या होड्यांची सुकाणं तिनं आधीच काढून लपवली होती.

हवालदार हसला. "वादळ कुठंय गं? पदरात बांधून आणलंस?"

"दूर आहे, सरकार. त्याच्या लाटा पुढं निघून आल्यात."

"एवढ्याशा लाटा?"

"उंची काय बघता? दोन श्वासांनी येणारी लाट आज पाच श्वासांनी येतेय. दूरच्या वादळाची लाट अशीच थांबून थांबून येते. मोजा माझ्यासोबत."

हवालदारानं मोजलं नाही. लाडकूनं विनवलं, बाय, सांगून टाक. ती लाटा मोजत राहिली. शिपायांनी तिला माडाला बांधलं, वाळू उकरली, पण सुकाणं मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी समुद्र उठला. असं म्हणतात, माडाहून उंच लाट आली. तिनं किल्ल्याचा दर्याकडचा दरवाजा उपटून नेला, मग पदीबायपाशी येऊन फक्त तिचे दोर सोडवले आणि मुकाट मागं फिरली. सतराही होड्या वरच्या वाळूत कोरड्या होत्या.

किल्ल्याच्या दप्तरात हवालदाराच्या घोड्याचं नाव आहे, पदीबायचं नाही. नसू दे. वाकणबंदरला आजही पहिला नारळ विधवेच्या हातून समुद्राला जातो. त्याआधी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून लाटा मोजते. ती "जा" म्हणेपर्यंत एकही होडी हलत नाही, मग सरकार कुणाचंही असो.