चिमाक्काची बोलणी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती ते विचारू नका, नाहीतर मी मनाचाच आकडा ठोकून देईन. डोंगराच्या कुशीत धोंडमाळ नावाचं गाव होतं. नावातच सगळं आलं. नांगर घातला की फाळ वाकायचा. त्या खडकात एकच झाड सुखानं जगायचं, सीताफळाचं. पाट्या भरून बाजारात न्यायच्या, त्यावर घरात मीठ यायचं, अंगावर लुगडं यायचं.

गावाची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं सीताफळाचं रोप लावायचं आणि रोज सांजेला त्याच्या बुडाशी चिमूटभर पीठ नि गूळ ठेवायचा. मुंग्या येऊन खायच्या. मुंगीच्या रूपानं आपलं माणूसच जेवून जातं, असं म्हणतात. जुन्या झाडांना तर पाटलाचा बा, ठकूची सासू अशी नावंच पडलेली.

त्या गावात चिमाक्का रासकर राहायची. तोंडाची फटकळ. ती बोलायला लागली की पलीकडच्या खोऱ्यातल्या म्हशी रवंथ थांबवून ऐकत बसायच्या, असं म्हणतात. पण या बाईचा जीव अडकला होता एका झाडात. तिची लेक सोनकी दुडूदुडू चालायला लागली, आई म्हणायला लागली, आणि तापानं गेली. सोनकीचं झाड चिमाक्कानं मडक्यानं पाणी घालून वाढवलं होतं. एक सांज तिनं पिठाशिवाय जाऊ दिली नाही.

एका वर्षी झाडांवर पांढरं दिसायला लागलं. फांद्यांच्या बेचक्यात, फळांच्या खोबणीत, जणू कुणी पीठ भुरभुरलंय. गाव हरखलं. चिमाक्काची जाऊ ठकू धावत आली. "आवं आक्का, पितर पावले! आपण खाली ठिवल्यालं पीठ त्यांनी वर न्येलं बघा!"

झालं! प्रत्येकानं दुप्पट पीठ घालायला सुरुवात केली. मग पानं आकसली. फळं चिकट झाली, वर काजळी धरली, सुपारीएवढी असतानाच वाळून टिचली. बाजारात लोक पाटीत डोकावून नाक मुरडायला लागले. आता तरी गावानं डोकं चालवावं की नाही? छे! पितरांचं पोट भरत नाही म्हणून ते रुसले, असा निकाल लागला. लेकरांच्या ताटातली भाकरी लहान झाली आणि झाडाखालचा ढीग मोठा. काय म्हणावं या लोकांना!

चिमाक्कानं सोनकीच्या झाडावरचं पांढरं नखानं खरवडलं. त्याला पाय होते. दाबलं तर पिवळट पाणी आलं. मग ती तिथंच फतकल मारून बसली आणि बघत राहिली. मुंगी यायची, त्या पांढऱ्या किड्याला मिशीनं गोंजारायची, तो मागून गोड थेंब सोडायचा, मुंगी प्यायची. दुसरी मुंगी किड्याचं पिल्लू तोंडात धरून कोवळ्या फुटीवर नेऊन ठेवायची. गुराखी गुरं चरायला नेतो ना, तस्सं. पीठ खाऊन मुंग्या माजल्या होत्या आणि त्यांची ही गुरं झाडाचा रस पीत होती. तुम्ही आज त्याला मिलीबग म्हणता. चिमाक्का पिठ्या ढेकूण म्हणाली.

ती चावडीवर गेली. "बाबाजी पाटील, मुंग्यांना घालणं बंद करा."

"आक्का, माज्या बाला उपाशी ठिवू?"

"तुमचा बा जिवंतपणी कंदी झाडावर चढला न्हाई, आन आता रोज चढउतार करतोय व्हय?"

लोक हसले. हसून घरी गेले आणि सांजेला पीठ घेऊन निघाले. चिमाक्का दारोदार फिरली. ज्याला सांगावं तो मान डोलवायचा, "खरं हाय आक्का," म्हणायचा आणि वाटी घेऊन झाडाकडं चालू पडायचा. तिला वाटायचं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. यांचं नव्हे, आपलंच!

शेवटी ठकू म्हणाली, "आदी तुमच्या सोनकीचं बंद करा, मग आमाला शिकवा."

चिमाक्का आल्या पावली घरी परतली. कारण तिनंही त्या सांजेला पीठ ठेवलं होतं. सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा ठेवलं होतं. तेवढंसं लेकरू, उपाशी कसं ठेवायचं?

पुढच्या हंगामाला फळ धरलंच नाही. पाटलानं सांगितलं, झाडं तोडायची, कोळसा पाडायचा आणि खाली पेठेत मजुरीला जायचं. सकाळी माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली. पहिलंच झाड वाटेवरचं, सोनकीचं.

तिथं चिमाक्का आधीच उभी होती. तिनं वडाच्या चिकात करंजाचं तेल कालवलं होतं आणि मुंगीला वर चढता येऊ नये म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती त्याचा जाड पट्टा फासत होती. बुडाशी पडलेलं पीठ तिनं पायानं उधळून दिलं. लोक आ वासून बघत राहिले. मग ती बोलायला लागली.

आधी मुंग्यांना बोलली. फुकट खाता, वर दुसऱ्याचं घर पोखरता, लाज न्हाई वाटत? मग गावाला बोलली, ते मी सांगत नाही, इथं लहान मुलं बसलीत. आणि मग ती झाडाकडं वळली.

"सोनके! खाली उतर! लई लाड झाले तुजे. आजपास्नं काय मिळायचं न्हाई. रडलीस तरी न्हाई. ऐकतीस का?"

रागावण्याजोगं वय सोनकीला कधी आलंच नव्हतं. आईनं तिला पहिल्यांदा रागे भरलं ते त्या दिवशी. पाटलानं खांद्यावरची कुऱ्हाड उतरवून जमिनीवर ठेवली.

चिमाक्काचा आवाज चढत गेला. डोंगरातले धोंडे घणघणले, असं म्हणतात. मुंग्या जागच्या जागी थबकल्या. तोंडातली पिल्लं त्यांनी टाकली, माघारी वळल्या आणि झाडाझाडावरून उतरून एका रांगेत डोंगर ओलांडून गेल्या. रांगेचं टोक पलीकडच्या खोऱ्यात पोचलं तरी शेपूट गावातच होतं. मुंग्यांची राखण गेली तशी खोऱ्यातून इवलेसे काळे-तांबडे भुंगे उडत आले आणि पंगतीला बसावं तसे त्या पिठ्या ढेकणांवर बसले. पुढच्या साली एकेक फळ दोन्ही हातांनी उचलावं लागलं, असं म्हणतात.

आजही धोंडमाळात, सीताफळाला नवी पालवी फुटते तेव्हा, सगळं गाव बागेत जमतं. जुनी साल खरवडतात, बुंध्याला चिकाचा पट्टा फासतात. पिठागुळाच्या पोळ्या करून गावातल्या पोरांना पोटभर वाढतात. मग प्रत्येकानं आपल्या माणसाच्या झाडापुढं उभं राहून त्याला नावानिशी रागे भरायचं. त्याला चिमाक्काची बोलणी म्हणतात. म्हातारे बापाला दटावतात, सुना सासूला सुनावतात, आणि त्या दिवशी कुणी कुणाला अडवत नाही. फक्त रागावताना रडायचं नाही, असा चिमाक्काचा नेम आहे.

बाकी सगळं गाव पाळतं. तेवढं एक आजवर कुणाला जमलेलं नाही.