दोन वायरी आणि एक पाटी

"तुम्हीच सांगा चाचा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? विकणाऱ्यावर, शिकलेल्यावर, की स्वतःच्या कानावर?"

मौलाचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोऱ्याची घोडी होती, तारा टेकतात ती; हातात कानस.

विचारणारा बाबगोंडा मगदूम उंबऱ्याशी बसला होता. सांगलीत त्याचं स्पीकर-अँप्लिफायरचं दुकान. तीस वर्षांपूर्वी, मिसरूड फुटायच्या वयात, मिरजेतल्या याच खोलीत त्यानं दोन वर्षं चाचांच्या हाताखाली काढली होती. तंबोरा बनवणं काही हाताला लागलं नाही. पण कान घेऊन निघालो, असं तो सांगायचा, आणि धंद्यात माणूस स्वतःबद्दल जे रोज सांगतो ते हळूहळू गावही सांगायला लागतं. मगदूमच्या दुकानात मशीन बघायचं नसतं, मगदूमचं तोंड बघायचं. त्यानं डोळे मिटून 'हं' म्हटलं, की माल खरा.

आता तो 'हं' घशात अडकला होता.

"नीट सांग," चाचा म्हणाले. "आणि या अंगानं बोल. डावा कान गेलाय माझा."

मगदूम उजवीकडे सरकला. पिशवीतून दोन वायरी काढल्या. एक साधी, तांबडी-काळी, मीटरवर मिळते ती. दुसरी मखमली डबीतली. अंगठ्याएवढी जाड, वेणी घातलेली, टोकांना सोन्याचं पाणी दिलेल्या पिना.

"कंपनीचा माणूस म्हणतो, ही लावली की आवाजावरचा पडदा उठतो. माझा भाचा इंजिनियर. तो म्हणतो, मामा, घरातल्या चार हातांच्या अंतराला तांबं ते तांबं, बाकी सगळी मखमल."

"आणि तू काय म्हणतोस?"

"तिथंच तर घोळ आहे. डबी उघडली त्या दिवशी मला फरक ऐकू आला. शप्पथ, आला. दुसऱ्या दिवशी नाही आला. तिसऱ्या दिवशी परत आला... पण साध्या वायरीत."

चाचा हसले नाहीत. कानशीवरचा भुसा फुंकला.

"मग ठेवून दे डबी कपाटात. घाई काय आहे?"

"घाई ढवळीकरबाईंची आहे."

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन दीड वर्ष झालं. ते पहाटे रियाज करायचे आणि बाईंनी एकदाच, गुपचूप, एक कॅसेट भरून ठेवली होती. आता त्यांना घरी चांगला संच बसवायचा होता. तेवढी एक कॅसेट ऐकायला.

"परवा कॅसेट घेऊन दुकानात आल्या," मगदूम म्हणाला. "त्या जाड वायरीवर हात ठेवून विचारलं, मगदूम, ही लावली तर हे थोडे जवळ येतील का हो? मला त्यातलं कळत नाही. तुम्ही हं म्हणालात की झालं."

"मग? म्हणालास?"

"दोन दिवसांनी सांगतो म्हणालो. ते दोन दिवस आज पाच वाजता संपतात."

चाचा उठले. कोनाड्यातल्या निखाऱ्यावर लोबानाची चिमूट टाकली. घोडीचं काम चाललेलं असताना ते नेहमी टाकायचे. तीस वर्षांपूर्वीही टाकायचे. धूर वर गेला, छताला टांगलेल्या भोपळ्यांमध्ये फिरला.

"चाचा, एक विचारू? तेव्हाचं राहिलंय. लोबानाच्या धुरानं आवाज सुधारतो?"

"तंबोऱ्याला नाक नसतं."

"मग टाकता कशाला?"

"नाही टाकला तर मी कामावरून लवकर उठतो."

मगदूमनं मान हलवली. आपल्याला कळलं की नाही, हेच त्याला कळलं नाही.

चाचांनी भिंतीला टेकवलेला तंबोरा पुढं ओढला. तार छेडली. आवाज आला आणि जागच्या जागी बसला, ओल्या गोणपाटासारखा.

मग त्यांनी कानामागं अडकवलेला सुती दोरा काढला. वितीएवढा. तार आणि घोडी यांच्यामध्ये तो सरकवला, केसभर मागं, केसभर पुढं. पुन्हा छेडली.

खोली भरली. पितळी डब्यातून मधमाशी सुटावी तशी तार गुणगुणत राहिली.

मगदूम गुडघ्यावर आला.

"बघा! बघा चाचा! एवढ्याशा दोऱ्यानं एवढा फरक! मग अंगठ्याएवढ्या वायरीनं का नाही पडणार?"

"दोरा थरथरत्या तारेला शिवतो."

"वायर पण स्पीकरला शिवतेच की!"

"शिवत असेल."

"म्हणजे फरक पडतो?"

"तुझी वायर मी ऐकलीय कुठं अजून?"

मगदूम गाडीकडं धावला. सगळं घेऊनच आला होता: अँप्लिफायर, दोन स्पीकर, कॅसेट वाजवायचं मशीन, आणि रुमालात गुंडाळलेली बाईंची कॅसेट. जाड वायर लावून भराभर जोडणी केली. खटका दाबला.

मास्तरांचा आवाज आला. खालच्या सुरात, पहाटेचा.

मगदूमनं डोळे मिटले. पडदा आहे का? उठलाय का? कुठं असतो हा पडदा नक्की?

"एक बाजू मुकी आहे," चाचा म्हणाले.

"अं?"

"डावीकडचा डबा बोलत नाहीये."

मगदूमनं वाकून पाहिलं. मशीनमागची पिन सैल होती, आणि तिच्यावर हिरवा गंज चढला होता. दोन दिवस तो वायरीच्या जाडीत इतका बुडाला होता, की अर्धा आवाज गेलेला त्याच्या लक्षात आला नव्हता. चाचांनी पॉलिशकागदाचा तुकडा पुढं केला. त्यानं पिन घासली, दाबून बसवली. डावीकडून मास्तर एकदम खोलीत आले.

"हा फरक ऐकू आला?"

"हा तर बहिऱ्यालाही..." मगदूमनं जीभ चावली.

चाचा पहिल्यांदाच हसले. "बहिऱ्यालाच आला."

मग त्यांनी फळीवरून पाटी काढली. लाकडाची मापं लिहायची, कडा झिजलेली. खडूनं बारा घरं आखली आणि पाटी मगदूमच्या हातात दिली.

"भिंतीकडं तोंड कर. मी मागं बसून वायर लावतो. बदलली किंवा नाही बदलली, तरी दर खेपेला काढून पुन्हा लावीन, म्हणजे खुडखुडीवरून तुला ओळखता येणार नाही. तू ऐक आणि लिही. जाड की बारीक."

"आणि तुमचा हिशेब?"

"जाडीला एक खुंटी ठेवीन, बारकीला एक मणी. या फडक्यावर, ओळीनं."

मगदूम भिंतीकडं वळला. पाठीमागं खुडखुड झाली. मास्तर गायला लागले.

पहिलं घर: जाड. शंकाच नाही.

दुसरं: बारीक. तिसरं: बारीक. किती सोपं आहे, आणि हा भाचा कॉलेजात चार वर्षं काय शिकला?

चौथ्याला खडू थांबला. हे तिसऱ्यासारखं आहे... की पहिल्यासारखं? पहिलं कसं होतं? आठवायला गेला तर पहिलं सापडेना. त्यानं 'जाड' लिहिलं. पाचव्याला मास्तरांचा श्वास ऐकू आला, म्हणून पुन्हा 'जाड'. सहाव्यालाही श्वास ऐकू आला, म्हणून चिडून 'बारीक'.

सातव्याला कॅसेटमध्ये भांडं पडलं.

स्वयंपाकघरात कुठंतरी, खणखणीत. गाणं तुटलं. मग मास्तर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "अगं, सम चुकली तुझी!" आणि मशीनच्या अगदी जवळ एक बाई खुदकन हसली, आणि ते हसू पदरात दाबलं.

मास्तरांनी तंबोरा पुन्हा धरला.

मगदूम भिंतीकडं बघत होता. भिंतीला पोपडे आले होते. त्यातला एक पोपडा त्याला अजूनपर्यंत दिसला नव्हता.

मागं खुडखुड झाली. आठवी खेप. त्यानं दचकून खाली पाहिलं, सातवं घर कोरं होतं. पण आठवं सुरू झालं होतं. लिहिलं. नववं, दहावं, अकरावं, बारावं.

चाचा उठेपर्यंत वेळ होता. चाचांचे गुडघे सावकाश उठतात. मगदूमनं सातव्या घरात घाईघाईनं 'जाड' लिहून टाकलं. मगदूमच्या पाटीवर कोरं घर राहतं होय?

दोघं फडक्यापाशी बसले. खुंट्या आणि मणी एकीकडं, पाटी एकीकडं. जुळलं की चाचा बोट टेकवत, नाही जुळलं की बोट पुढं जाई.

सात जुळले.

"सात!" मगदूमनं मांडीवर थाप मारली. "बारातले सात! अर्ध्याहून एक जास्त! म्हणजे येतंय, चाचा, मला ऐकू येतंय!" मग त्याचा आवाज उतरला. "की... डोळे मिटून खुंटी उचलली असती तरी सहा-सात जुळलेच असते?"

चाचा पाटी तिरपी धरून बघत होते.

"हे घर घाईचं आहे. खडू दाबलाय."

मगदूमनं बोटांवरचा खडू झटकला.

"सातव्याला काय ऐकलंस?"

"मास्तर हसले."

"आणि वायर?"

ओळीत सातव्या जागी खुंटीच होती, पाटीशी जुळणारी; मगदूमनं ती उचलली आणि परत ठेवली.

"वायर... नव्हतीच, चाचा."

"मग हे जाड लिहिलं कुणी? मगदूमच्या कानानं?"

"मगदूमच्या नावानं."

बाहेर गल्लीत कुणीतरी भोपळे उतरवत होतं. धप्प, धप्प आवाज येत होते. मगदूमनं वेणीची वायर उचलली, गुंडाळायला घेतली आणि मध्येच थांबला.

"गेल्या दिवाळीत एक डॉक्टर आले होते दुकानात. नवी जाड वायर लावून दाखवा म्हणाले. दाखवली. अर्धा तास वाहवा चालली होती त्यांची. व्हायोलिन कसं खोलीत आलं, तबल्याची शाई कशी दिसायला लागली. ते गेल्यावर मागं वाकून बघतो... तर जुनीच वायर लागलेली. नवी बाजूला पडलेली, वेटोळं घालून."

"सांगितलंस त्याला?"

"कसं सांगू? ...मीही वाहवा करत होतो ना."

चाचांनी घोडीवरून दोरा काढला, टोक ओठात धरून ओलं केलं, पुन्हा कानामागं अडकवला.

"सातवं काढलं तर अकरातले सहा," मगदूम स्वतःशीच पुटपुटला. "तरी अर्ध्याहून थोडं वरच. म्हणजे येतं की येत नाही?"

"मला काय विचारतोस? माझा तर एकच कान चालतो."

"मग बाईंना काय सांगू? फरक नाही म्हणून सांगू? तसं पाटी म्हणत नाही. फरक आहे म्हणून सांगू? तसंही पाटी म्हणत नाही. भाचा खरा म्हणावं तर त्या पहिल्या दिवशी मी जे ऐकलं ते काय होतं? आणि कंपनीवाला खरा म्हणावं तर..." तो थांबला. "चाचा, मी आलो तेव्हा मला दोन गोष्टी माहीत होत्या. आता एकही नाही."

चाचांनी दोन्ही वायरी पिशवीत टाकल्या. वरून पाटी ठेवली.

"ही दाखव बाईंना."

"पाटी? यावर तर काहीच ठरत नाही!"

चाचांनी डोळे मिटले.

"हं," म्हणाले.

मगदूमनं स्पीकर आणि मशीनं उचलून गाडीत ठेवली. कॅसेट रुमालात गुंडाळली, ती मात्र वरच्या खिशात ठेवली. परत येऊन वाकून पाया पडला. पिशवी घेतली. साडेतीन होऊन गेले होते. रेल्वेचा पूल ओलांडून सांगलीत शिरायला वेळ लागतो.

उंबऱ्याबाहेर एक पाय पडला असेल.

"बाबू."

तो वळला. चाचांनी कानस पुन्हा हातात घेतली होती. निखाऱ्यावर लोबानाची नवी चिमूट पडली होती.

"वाटेत सातवं घर पूस. कोरंच राहू दे. तुझी वायर मला कळत नाही, पण एवढं माझं ऐक... हिशेब खरा ठेव."