एक, दोन, दोन्ही

"मगे तुमी कित्याक येतास?"

गौरेश कोयंडेने हे इंजिनाच्या आवाजावर मात करून विचारलं. म्हणजे ओरडूनच.

बाबलकाका मेथर होडीच्या पुढच्या टोकाला पाय पसरून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"चलवतंय मी, लंगर टाकतंय मी, इंजिन उघडून साफ करतंय मी. तुमी नुसते बसान रवतास. बंदरावर लोक हसतत माका."

"हसांदेत."

"तसा नाय, काका. आज सांगा. होडी माझ्या ताब्यात कधी देतलास?"

"लंगर टाक," काका म्हणाले.

गौरेशने लंगर टाकला. रागाने टाकला, पण टाकला अगदी बरोबर जागी. त्याचा हात चांगलाच होता, आणि ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या किनाऱ्यावर निम्मे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, बाबलकाकांच्या हाताखाली तयार झाले. काकांनी ज्याला एकटं सोडलं, त्याला पुढे कोणी काही विचारत नसे. गौरेश त्यांचा शेवटचा शिष्य, आणि त्यालाच काही ते सोडत नव्हते. पोरगा आतून धुमसत होता. पोरगा कसला, लग्न झालेला बाप्या!

समोर बाहेरचं खडप, म्हणजे समुद्रातलं कातळाचं बेट, उघडं पडलं होतं. ओहोटीला गावातल्या बायकांना तिथे उतरवायचं, त्यांनी कालवं फोडायची, आणि भरती चढू लागली की त्यांना उचलायचं. एवढंच होडीचं काम. मात्र खडपावरून किनाऱ्याला दुसरी वाट नाही. भरतीत ते पूर्ण बुडतं.

आजही बायकांना उतरवून होडी थोडी लांब उभी होती. गौरेशने इंजिन बंद केलं आणि बाकी सगळं चालू केलं. मोठा स्पीकर. पर्यटकांसाठी घेतलेला छोटा फ्रीज. पंखा. मोबाइल चार्जिंगला.

हे सगळं पेलावं म्हणून त्याने होडीवर दुसरी बॅटरी आणून बसवली होती. बाजूला कुठली बॅटरी वापरायची ते ठरवणारा गोल खटका. त्याच्यावर चार खुणा: बंद, एक, दोन, दोन्ही. बसवली त्या दिवशी गौरेशने खटका 'दोन्ही'वर ठेवला, आणि त्यानंतर तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

"दोनय एकदम?" काकांनी तेव्हा विचारलं होतं.

"घरात दोन असताना एकच कित्याक वापरूची?"

काका त्यावर काही बोलले नव्हते. काका बोलले नाहीत की गौरेशला वाटायचं, आपण जिंकलो. बऱ्याच शिष्यांना असं वाटतं.

काका उठले, मागे इंजिनापाशी गेले, जरा वाकले, आणि परत येऊन होते तसे बसले.

ऊन चढलं. गाणी वाजत राहिली. गौरेशने फ्रीजमधून गार सोडा काढून काकांना दिला, आणि त्यांनी तो आवडीने प्यायला. दोघांचं भांडण होतं, पण सोड्याशी कोणाचंच नव्हतं.

मग पाणी फिरलं, भरती सुरू झाली. स्पीकरचा आवाज बसका झाला आणि थांबला. गौरेशला डुलकी लागली होती.

खडपावरून तुळसाकाकीची हाक आली. "गौऱ्याऽ, होडी घेवन ये रे!"

तो उठला, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

त्याने गिअर पाहिला. पेट्रोलचा नळ पाहिला. तारा हलवून पाहिल्या. सगळं जागच्या जागी. दोरी ओढून सुरू होईल असं हलकं इंजिन ते नव्हतं.

टक्.

खडपाचा खालचा भाग दिसेनासा झाला. बायका पाट्या डोक्यावर घेऊन वरच्या टोकाकडे सरकल्या.

गौरेशने वल्हं घेतलं. पण लंगर उचलला तर ओढीने होडी खडपापासून दूरच जाणार, हे त्याला कळत होतं. त्याने वल्हं टाकलं. मोबाइल उचलला. रेंज नाही. त्याने अंगातला शर्ट काढला, लांब दोर कमरेला बांधायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला समुद्राची खरीखुरी धास्ती वाटली. स्वतःसाठी नाही. त्या पाट्यांखालच्या बायकांसाठी.

"काका! काय तरी सांगा!"

"काय झाला?"

"बॅटरी गेली."

"खंयची?"

"दोनय! दोनय जोडलेल्यो ना! दोनय एकदम गेल्यो!"

काकांची नजर खडपावरच होती. पाणी कुठल्या कपारीला लागलं की उठायचं, ते त्यांनी लंगर पडला तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. पाणी त्या कपारीच्या खाली वीतभर असतानाच ते उठले. मागे गेले. खटक्यावर हात ठेवला.

खटका 'दोन'वर होता.

काकांनी तो 'एक'वर आणला.

"चावी मार."

इंजिन पहिल्याच दमात उठलं.

गौरेश तसाच उभा राहिला. कमरेला दोर, अंगात शर्ट नाही, तोंड उघडं.

"ह्या... ह्या कधी फिरवलात?"

"तुझो लंगर पडलो तेवा."

"म्हणजे एक नंबर सकाळपासून नुसतीच..."

"लंगर काढ. बायका उब्यो आसत."

होडी खडपाला लागली. बायका गुडघाभर पाण्यातून एकेक करून चढल्या. तुळसाकाकी शेवटी चढली आणि पाटी टेकवल्या टेकवल्या तिने तोंड सोडलं.

"गाणी आयकत होतंस काय रे मेल्या? आमी हय रामनाम घेवक लागलो होतो!"

गौरेशने तिची पाटी आत सरकवून घेतली. 

होडी खडपापासून सुटली तसा तो घाईघाईने खटक्याकडे वळला. रिकामी बॅटरी आधी भरून टाकावी, झालेलं निस्तरावं, एवढंच त्याच्या मनात होतं. काकांनी त्याचं मनगट धरलं.

"जिच्यान इंजिन उठला, आधी तिका भर."

"पण काका, ती भरलेलीच आसा! उपाशी आसा ती दुसरी."

"तरी तिका आधी. इंजिन परत उठवतली तीच."

गौरेशने हात मागे घेतला. वाटेतलं दीपगृह मागे पडेपर्यंत इंजिन एकट्या एक नंबरला भरत राहिलं. मग काकांनी मान हलवली.

"आता दोनय. आनि फिरवताना 'बंद'वरसून नेव नको. इंजिन चालू आसा, चार्जिंग जळात."

गौरेशने खटका फिरवला. चाकू धरावा तसा, हळू.

बंदराला लागल्यावर त्याने इंजिन बंद केलं. स्पीकर लावला नाही. खटका 'बंद'वर आणून ठेवला. बायका उतरल्या. पाट्या उतरल्या. जेट्टीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी नेहमीप्रमाणे काकांवरून चिडवलं, "काय गौरेश, आजपण सासरो बरोबर?"

त्याला राग आला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

काका जेट्टीवर चढले आणि चालू लागले.

"काका!"

ते थांबले.

"उद्या परत बायकांका खडपार सोडूचा आसा... तुमी येतलास मा?"

काकांनी वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"भियालंस?"

गौरेश कधी खोटं बोलत नसे असं नाही. पण त्या वेळी बोलला नाही.

"होय."

"मगे माझी गरज नाय."