मज्जाबाईचा वाचलेला लेक

एक देह अजून कोवळा होता, तेव्हाची गोष्ट. हाडाच्या पोकळीत मज्जाबाई राहायची. पांढऱ्या पेशी म्हणजे तिची लेकरं. त्यातली काही रोगजंतूंशी लढायला शिकण्यासाठी छातीतल्या थायमस ग्रंथीकडे, म्हणजे गुरुजींकडे जात. शंभरातली दोनच शिकून बाहेर पडत. आपल्यांवरच हात उगारणाऱ्याला गुरुजी तिथंच संपवत.

"एवढ्या एकाला सोडा हो, गुरुजी," मज्जाबाईनं पदर पसरला.

"त्याला आपलं-परकं कळत नाही, बाई."

"कळेल हळूहळू."

गुरुजींना आईचं रडणं बघवेना. कधी नव्हे ते त्यांनी सोडलं.

पुढं देह थकला, गुरुजी सुकून गेले. एके दिवशी मज्जाबाईच्या घराची भिंत, म्हणजे ते हाडच, कुणीतरी पोखरू लागलं.

"कोण आहे?" तिनं घाबरून विचारलं.

"मीच, आई," बाहेरून लेकाचा आवाज आला. "भिऊ नकोस. या घरात शत्रू लपलाय."