घट्टा आणि जखम

डोंगराळ मुलखातल्या एका जंगलात लांडग्यांचा कळप राहत होता. एका उन्हाळ्यात तिथले पाणवठे आटू लागले, तेव्हा खडकाळ पठार ओलांडून पलीकडच्या नदीकाठी जायचे कळपाने ठरवले. वाट लांबची होती. कळपातल्या एका तरुण लांडग्याचे पंजे फार मऊ होते. सुरुवातीला ते खडकावर नुसते हुळहुळत. पण मुलांनो, तो होता मोठा जिद्दी! तो रोज नेटाने चालला. हळूहळू त्याच्या पंजांना घट्टे पडले आणि खडक त्याला टोचेनासा झाला.

मग एकदा धारदार दगडाने त्याचा पुढचा पंजा चिरला. रक्त आले, पंजा सुजला, पाऊल टेकवले की कळ मस्तकात जाई. तरी तो थांबेना. 'आधीही दुखलेच होते. हेही घट्ट होईल,' असे म्हणत तो लंगडत राहिला.

कळपातल्या म्हाताऱ्या लांडगिणीने खडकावरचे रक्त पाहिले. तिने त्याला बसवले आणि पंजाच्या जाड कातडीवर नाक दाबले. "इथे दुखते?"

"नाही, आजी."

तिने चिरेच्या कडेला नाक नुसते टेकवले. तो कळवळून ओरडला.

"जाड झालेली कातडी तुला सांभाळते," लांडगीण म्हणाली. "ही मात्र जखम आहे. चालून घट्टा पडला, पण चालून ही चिघळेल. पाय गमावशील."

"पण मी मागे राहिलो तर? सगळे पुढे निघून जातील!"

"जातील. पण वाटेत डबकी आहेत, सावली आहे. आणि मी थांबते तुझ्याजवळ."

कळप दिसेनासा झाला, तेव्हा त्याला रडू आले. दहादा उठावेसे वाटले. तरी दात आवळून तो कपारीच्या सावलीत पडून राहिला आणि जखम चाटून स्वच्छ ठेवत गेला. इतके चालला होता, पण असे थांबणे त्याला त्याहून जड गेले. अखेर जखम भरली. पाय टेकवला तरी कळ येईना, तेव्हाच तो उठला. म्हातारीच्या चालीने चालत दोघे नदीवर पोहोचले. कळप तिथेच होता. तरुण लांडगा चारही पायांवर भक्कम उभा राहून पोटभर पाणी प्याला.

तात्पर्य : कष्टाने अंग घट्ट होते, पण जखम सोसत राहिल्याने ती घट्ट होत नाही, तिच्यासाठी वेळीच थांबणे हीसुद्धा जिद्दच आहे.